परतीचं पेट्रोल

डेम्पस्टर हायवेला लागलं की पहिला पेट्रोल पंप ३६९ किलोमीटरवर येतो. कॅनडाच्या युकॉनमध्ये डॉसन सिटीच्या साधारण ४० किलोमीटर अलीकडे हा रस्ता क्लोंडाइक हायवेपासून फुटतो आणि उत्तरेला निघतो. डांबर लगेच संपतं. मग खडी, माती, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मोबाईलला रेंज नाही. ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्स नावाचा थांबा आहे. त्याला गाव म्हणवत नाही. एक हॉटेल, एक पंप, टायर दुरुस्तीची सोय, बस्स. तिथून पुढे आर्क्टिक वृत्त ओलांडून फोर्ट मॅकफर्सन, मग इनुविक, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नवा रस्ता झाल्यापासून थेट आर्क्टिक समुद्राच्या काठावरचं तुक्तोयाक्तुक.

हा रस्ता आम्ही ट्रक कॅम्परने केला. ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात एक अख्खी खोली सरकवून बसवतात. आत गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, हीटर, पाण्याची टाकी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येणाऱ्या माळ्यावर अंथरूण. दार मागे. घरी परतलं की चार कोपऱ्यांतल्या जॅकवर खोली उचलायची, ट्रक खालून काढून घ्यायचा आणि सोमवारी त्याच ट्रकने कामाला जायचं. आम्ही कॅल्गरीत राहतो. इथे उन्हाळा सुरू झाला की निम्मी गल्ली अशा काही ना काही चाकांवरच्या घराला साबण लावताना दिसते.

आणि अशा गाड्यांवर पेट्रोलचे डबेही दिसतात. लाल, चपटे, चकचकीत, कडेला नीट बोल्ट मारलेले. त्यांतले बरेचसे आयुष्यभर मॉलच्या पार्किंगपलीकडे जात नाहीत. मला त्याचं वावडं नाही; आपल्याकडे रिक्षाला आरसे लावतात तशी हौस म्हणून ते ठीकच आहे. पण त्या डब्यांत खरोखर पेट्रोल भरून, ते खऱ्या रस्त्यावर न्यायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात, आणि पहिला प्रश्न डबा कुठे टांगायचा हा नाही. डबा हवाच कशाला, हा आहे.

माझी पेट्रोलविषयीची समज बजाज स्कूटरवर तयार झाली. काटा नव्हताच. चालती स्कूटर अचानक खोकायला लागली की बाबा डावा हात खाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जायचे. रिझर्व्हही संपलं तर स्कूटर पायापाशी आडवी करायची, दोन मिनिटं थांबायचं, आणि किक मारायची. कोपऱ्यात साठलेलं चमचाभर पेट्रोल पंपापर्यंत नेतं यावर आमच्या अख्ख्या सोसायटीची श्रद्धा होती. या शिक्षणात राखीव पेट्रोल म्हणजे पुढे रेटण्यासाठीचं पेट्रोल. पंप पुढेच असणार, तिथवर पोचायचं.

डेम्पस्टरचा हिशोब मांडायला बसलो तेव्हा ही समज उपयोगी पडेना. आमच्या ट्रकची टाकी साधारण १३० लिटरची. पाठीवर खोली घेतलेला हा पेट्रोल ट्रक शंभर किलोमीटरला २१ लिटर पितो. समोरून वारा असला तर त्याहून जास्त. म्हणजे भरल्या टाकीवर सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर. डॉसनमध्ये काठोकाठ भरलं तर ईगल प्लेन्स ४०९ किलोमीटर. तिथवर ८६ लिटर जातील, चाळीसेक उरतील. मग डबे कशाला?

डबे लागतात ते ईगल प्लेन्सला पोचता आलं नाही तर, किंवा पोचून उपयोग झाला नाही तर. पावसाने रस्ता वाहून जातो. जंगलाला वणवा लागला की रस्ता बंद करतात. एवढ्या लांबच्या एकुलत्या पंपाची वीज जाऊ शकते, टँकर यायचा राहू शकतो. अशा वेळी पुढचा पंप फोर्ट मॅकफर्सनला, आणखी १८० किलोमीटर पुढे, मधे पील नदी, तिच्यावर पूल नाही, तर फेरी. म्हणजे उलट फिरायचं. आता गणित पाहा. नुसत्या टाकीवर डॉसनपासून सुमारे ३१० किलोमीटर जाऊन परत येता येतं. हायवेच्या दगडांवर मोजलं तर २७० च्या आसपास. ओगिल्वी नदीचं खोरं मागे टाकून रस्ता कड्यावर चढतो, २५९ व्या किलोमीटरला डोळ्यांचं पारणं फेडणारा एक थांबा आहे, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तुमचा परतीचा हक्क संपतो. त्यापुढचे शंभर किलोमीटर ईगल प्लेन्सच्या भरवशावर.

वीस-वीस लिटरचे दोन डबे घेतले की एकूण १७० लिटर. डॉसन ते ईगल प्लेन्स आणि परत डॉसन, ८१८ किलोमीटर, लागणार १७२ लिटर. दोन लिटरने हुकतं! हे दोन लिटर कागदावर पाहिल्यावर घरात तिसऱ्या डब्याची चर्चा सुरू झाली. बायकोचं मत असं की २१ चा आकडा मी स्वतः डोंगरात चालवून काढलाय, ती चालवेल तेव्हा १९ पडेल, त्यामुळे तिसरा डबा हा माझ्या उजव्या पायाचा दंड आहे. मला उत्तर सुचलं नाही. दोनच डबे ठरले. बाकीच्या रस्त्याला तर एकही लागत नाही: फोर्ट मॅकफर्सन, इनुविक, सगळीकडे पंप आहेत, मधली अंतरं दोनशेच्या आतली. अख्ख्या सहलीतल्या एका तुकड्यासाठी, आणि तेही मागे फिरावं लागलं तरच, हा सगळा खटाटोप.

आता कुठे टांगायचे.

कॅम्परच्या आत, कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, आणि कॅम्परमध्ये फ्रिज, गीझर, हीटर हे तिघे गॅसवर चालतात. कुठे ना कुठे ज्योत किंवा ठिणगी असतेच. सीलबंद डबा आहे म्हणून आत ठेवणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त माझी गाडी जरा लांब लावतो.

टपावर? तिथे ज्योत नाही हे खरं, पण कॅम्परचा टप जमिनीपासून तीन मीटरवर. भरलेला पत्र्याचा डबा १९ किलोचा. पेट्रोलचे १५, पत्र्याचे ४. तो शिडीवरून एका हाताने वर चढवायचा आणि वाऱ्यात उतरवायचा. शिवाय आधीच डोक्याने जड असलेल्या गाडीच्या डोक्यावर आणखी वजन. वळणावर कॅम्पर कसा झुलतो हे ज्याने चालवलंय तो टपाचं नाव काढणार नाही.

पुढच्या बंपरवर लावणारे आहेत. रेडिएटरची हवा अडते आणि समोरासमोर धडक झाली तर पहिला मार पेट्रोललाच. पुढे जाऊ.

उरली मागची बाजू, आणि इथेच खरी दाटी. आमच्या कॅम्परच्या मागच्या भिंतीवर एक ॲल्युमिनियमची शिडी आहे. डबे अडकवायला तिचे आडवे गज जणू मुद्दाम बनवल्यासारखे दिसतात, आणि बाजारात त्यासाठीच्या कड्याही मिळतात. पण शिडी कशाला धरून आहे? बाहेर पातळ पत्रा, आत लाकडाची चौकट, आणि त्या लाकडात गेलेले चार-सहा स्क्रू. माणूस चढतो तेव्हा वजन मिनिटभर असतं. डबे दिवसभर हादरत राहतात. स्क्रू सैल होतात, भोकं रुंदावतात, पाणी आत शिरतं, आणि लाकूड आतून कुजायला लागतं. हे बाहेरून कळत नाही. भिंत मऊ लागते तेव्हा कळतं. जुना कॅम्पर घेताना लोक शेगडी-फ्रिज नंतर पाहतात, आधी कोपरे दाबून पाहतात, ते यासाठी.

आमचे शेजारी निवृत्त वेल्डर आहेत. मी शिडीकडे बघत उभा होतो तेव्हा त्यांनी कुंपणावरूनच निकाल दिला. "टांगायचं ते ट्रकला टांग, घराला नको." ट्रकच्या चौकटीला मागे ट्रेलर ओढण्यासाठी चौकोनी नळी असते, दोन इंची, तिच्यात आधार बसवून त्यावर डबे. चौकट लोखंडाची, बोल्ट जाड, भार थेट ट्रकवर. तत्त्व पटलं. मग तपशील आले. मागे उजव्या हाताला ट्रकचा सायलेन्सर निघतो, त्याच्यावर पेट्रोल नको. मधोमध कॅम्परचं दार. डाव्या बाजूला गॅसच्या सिलिंडरचा कप्पा आणि थोडं पुढे फ्रिजची जाळी. या सगळ्यांच्या मधे डबा ठेवायला जागा शोधायची.

दाराबद्दल मी जास्त विचार केला नव्हता. शेजाऱ्यांनी केला होता. कॅम्परला बाहेर पडायला दार एकच. दुसरी वाट म्हणजे माळ्यावरची आपत्कालीन खिडकी, जिच्यातून अंगाने सडपातळ माणूस मनापासून प्रयत्न केल्यास निघू शकतो. दारासमोर चाळीस लिटर पेट्रोल टांगायचं आणि आत गॅसवर चहा करायचा! म्हणून त्यांनी आधार डाव्या टोकाला नेला, गॅसच्या कप्प्याच्या पलीकडे, दाराच्या उंबऱ्यापेक्षा खाली, बिजागरीवर झुलून बाहेर उघडणारा. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, हे त्यांनी अंधार पडल्यावर ब्रेक दाबायला लावून तपासलं. आणि मुक्कामाला थांबलो की डबे काढून दूर सावलीत ठेवायचे, असा नियम बायकोने वर जोडला. रोज संध्याकाळी दोन डबे उचलून चालायचं म्हणजे व्यायामही होतो, असं तिचं म्हणणं. व्यायाम मलाच होत होता.

वजनाचं पुन्हा एकदा गणित आलं. दोन डबे, आधार, कुलूपपट्टी मिळून ५५ किलो. पण ते टांगलेत मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ दोन मीटर मागे, आणि ट्रकच्या दोन ॲक्सलमधलं अंतर चार मीटर. तरफेचा साधा नियम: पुढच्या ॲक्सलवरचं २७-२८ किलो वजन उचललं जातं आणि तेही मागच्यावर येऊन बसतं. टांगले ५५, पडले ८२-८३. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक पिवळी पट्टी चिकटवलेली असते, माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर जाऊ नका असं सांगणारी. कॅम्पर स्वतःच त्यातला बहुतेक आकडा खाऊन टाकतो, वर पाण्याची टाकी. आम्ही डब्यांच्या बदल्यात पाण्याची टाकी अर्धी भरून निघालो. त्या रस्त्यावर पाण्याला तोटा नाही, उकळून घेता येतं. पेट्रोल उकळून मिळत नाही.

डबे मात्र मी पत्र्याचेच घेतले, जुन्या लष्करी घडणीचे. प्लॅस्टिकचे चपटे रोटोपॅक्स छान असतात, हलके असतात, मधल्या भोकातून खुंटीला घट्ट बसतात. पण वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्याइतकी विचारपूर्वक केलेली वस्तू मला गाडीच्या सामानात दुसरी दिसत नाही. १९३७ साली जर्मन सैन्यासाठी तो तयार झाला. वर तीन मुठी: मधली धरून एकटा नेऊ शकतो, कडेच्या दोन धरून दोघे मिळून, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन. बाजूंवर फुलीसारखा दाब दिलेला, म्हणजे पेट्रोल उन्हाने फुगलं तर पत्र्याला पसरायला वाव. मुठींखाली हवेची पोकळी राहते, त्यामुळे भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. झाकणाला आटे नाहीत, दाबून बसणारा खटका आहे. पान्हा लागत नाही, फनेल लागत नाही.

त्याच वेळी ब्रिटिश सैन्य चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल नेत होतं. आपल्या घरांतून रॉकेलचा डबा ज्या मापाचा असायचा, वरून कापून मधे लाकडी दांडा ठोकला की पाणी भरायला व्हायचा, तेच माप. पाण्याला तो चालला. वाळवंटातल्या खडखडाटात त्याचे सांधे उकलत आणि पेट्रोल वाळूत जाई. उत्तर आफ्रिकेत जर्मनांचे डबे हाती लागले की ब्रिटिश सैनिक आपले टाकून ते वापरत. अमेरिकेला हा डबा पोचला तो मात्र भारतामार्गे. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता १९३९ मध्ये एका जर्मन सहकाऱ्यासोबत बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. रस्त्यात पाणी कशात न्यायचं हा प्रश्न पडला, तेव्हा त्या जर्मनाने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन डबे आणले. मधेच जर्मनाला परत बोलावलं गेलं. जाताना त्याने डब्याची सगळी मापं सांगून ठेवली. प्लाइस एकटा कलकत्त्यापर्यंत आला, गाडी तिथे ठेवून मायदेशी गेला, आणि पुढे गाडीसह डबे जहाजाने अमेरिकेत पोचले. तिथल्या लष्कराने आधी लक्ष दिलं नाही. मग नक्कल केली, पण वेल्डिंगऐवजी पत्रा दुमडून सांधला आणि खटका काढून आट्यांचं झाकण बसवलं. अर्थात गळायला लागला. चांगली वस्तू हाती आल्यावर तिच्यात सुधारणा करणारी माणसं सगळ्या देशांत सारखीच.

सुधारणेवरून आठवलं. अमेरिकेत २००९ पासून नव्या डब्यांना सांडू नये म्हणून आपोआप बंद होणारी चोच सक्तीची झाली. हेतू उत्तम. पण ती चोच दाबून, पिळून, ढकलून धरावी लागते आणि वीस लिटर ओतेपर्यंत नेहमीपेक्षा जास्तच हातावर सांडतं, अशी तक्रार मी जवळजवळ प्रत्येक ट्रकवाल्याकडून ऐकली आहे. मी नळी वापरतो. टोकाला तांब्याचा ठोकळा, त्यात काचेची गोटी. डब्यात बुडवून चार-पाच वेळा खालीवर हिसडा दिला की पेट्रोल आपलं आपण वाहायला लागतं. अट एकच, डबा टाकीच्या तोंडापेक्षा उंच हवा. स्कूटरमधून नळीने तोंडाने पेट्रोल ओढणारी पिढी आमची. त्या चवीपासून सुटका झाली हीच मोठी प्रगती.

डॉसनमध्ये भरताना डबे खाली जमिनीवर ठेवून भरले. हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्यावर ठेवून डबा भरला तर स्थिर वीज साठते, जमिनीत उतरायला वाट मिळत नाही, आणि नोझल जवळ नेताना ठिणगी पडू शकते. नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून, सावकाश. आणि गळ्यापर्यंत नाही. पेट्रोल दहा अंशाला जवळजवळ एक टक्का फुगतं. सकाळी सहा अंशाला भरलेला डबा दुपारच्या उन्हात तापला तर अर्ध्या लिटरहून जास्त जागा मागतो. म्हणजे खरं तर वीसमध्येही थोडं कमीच बसतं, आणि ते हुकलेले दोन लिटर आणखी वाढतात. बायकोला हे सांगितलं नाही.

रस्त्याबद्दल बरंच लिहिता येईल. टूम्बस्टोनचे काळे सुळके, त्यांच्यावरून उतरणारे ढग, हे सगळं फोटोंत असतं. फोटोंत नसतो तो पायाखालचा भराव. खालची जमीन बारमाही गोठलेली. ती वितळू नये म्हणून रस्ता जागोजागी एक ते अडीच मीटर जाड खडीच्या थरावर उचललाय. खडी धारदार, टायर कापणारी. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. ओलं असताना त्याचा चिखल होतो आणि सुकला की सिमेंट. गाडी धावताना तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते, ती सगळी धूळ मागच्या भिंतीवर खेचून घेते. दुपारपर्यंत डब्यांचा लाल रंग गेला होता. झाकणाच्या खटक्यात, बिजागरीत, सगळीकडे राखाडी लेप. असं झाकण तसंच उघडलं तर ती रेती सरळ टाकीत. शेजाऱ्यांनी यासाठी जाड ताडपत्रीच्या टोप्या शिवून दिल्या होत्या. त्या मला निघताना जरा अतीच वाटल्या होत्या.

डबे कधी ओतायचे यावर गाडीत दोन पंथ होते. माझा पंथ बजाजचा: राखीव ते शेवटपर्यंत राखायचं. बायकोचं म्हणणं, टाकीत चाळीस लिटरची जागा झाली की लगेच ओत. पेट्रोल तेवढंच, पण टाकीत असताना ते गाडीतल्या सगळ्यात सुरक्षित जागी असतं, दोन चाकांच्या मधे, खाली, आणि मागची ओढही कमी होते. यावर खरोखर प्रतिवाद नाही. फक्त मन तयार होत नाही. समोर दोन भरलेले डबे दिसत असले की जो धीर वाटतो तो काट्याकडे बघून वाटत नाही.

इंजिनियर क्रीकच्या मुक्कामावर, १९४ व्या किलोमीटरला, ओतले. लोहाने तांबूस झालेला ओढा, समोर सॅपर हिल, आणि डास. डासांबद्दल इतकंच सांगतो की माझ्या चेहऱ्यावर जाळी होती आणि हात पेट्रोलच्या कामात होते. आधी आतला गॅस सिलिंडरपाशीच बंद केला. डबा लाकडाच्या ओंडक्यावर चढवला, टोपी काढली, फडक्याने खटक्याभोवतीचा चिखल पुसला, आणि खटका अंगठ्याने हळूच उचलला. फुस्स करून वाफ निघाली, दिवसभर दाबून ठेवलेली. तिला जायला अर्धं मिनिट दिलं. मग नळी, हिसडे, आणि नळीतून पिवळसर पेट्रोल चढून पलीकडे पडायला लागलं. बायको टाकीच्या तोंडाशी नळी धरून, तोंड फिरवून उभी. ओढ्याच्या आवाजात पेट्रोलचा गुळगुळ आवाज मिसळला. एक डबा रिकामा व्हायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. रिकामा झाल्यावर झाकण लगेच बंद. रिकामा डबा भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्यात आता वाफ आणि हवा दोन्ही असतात.

ज्या माणसाच्या नावाचा हा रस्ता आहे, तो विल्यम डेम्पस्टर, पोलीस दलातला कॉर्पोरल. डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तिघांना घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाला. ही हिवाळ्यातली नेहमीची टपाल गस्त होती, कुत्र्यांच्या गाड्यांवरून. त्याला विक्रमी वेळात पोचायचं होतं, म्हणून सामान हलकं केलं: नेहमीपेक्षा कमी अन्न, तीसेक दिवसांचं. सुरुवातीला वाट दाखवायला एसॉ जॉर्ज नावाचा तिथल्याच ग्विचिन या आदिवासी समाजातला माणूस घेतला, पण थोड्या अंतरावर त्याला निरोप दिला. पुढची वाट आपल्यातल्या कार्टरला माहीत आहे अशी समजूत. कार्टरला ओढ्याचा फाटा सापडला नाही. आठवडाभर ते शोधत राहिले. १७ जानेवारीला फिट्झजेराल्डने रोजनिशीत लिहिलं की आता आशा संपली, कार्टरच्या शब्दावर विसंबायला नको होतं. मग ते मागे फिरले. वाटेत एकेक कुत्रं मारून खाल्लं. फेब्रुवारी १९११ मध्ये चौघेही मेले. फिट्झजेराल्ड आणि कार्टर फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या चाळीस किलोमीटरवर. मार्चमध्ये डेम्पस्टरने त्यांना शोधून काढलं. त्यानंतर त्या वाटेवर खुणा केल्या गेल्या आणि जागोजागी अन्नाचे साठे ठेवले गेले.

फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चपाशी त्यांच्या कबरी आहेत. आम्ही तिथे थांबलो. फिट्झजेराल्डकडे पुढे जाण्यापुरतं होतं, हे मला तिथे उभं असताना सारखं वाटत राहिलं. सगळं ठरल्यासारखं झालं असतं तर पुरलं असतं, आणि कुणाला त्याचं नावही माहीत नसतं. त्याच्याकडे नव्हतं ते आठवडाभर चुकण्यापुरतं आणि तेवढंच मागे येण्यापुरतं. आमच्या कागदावरचे १७२ लिटरसुद्धा चुकण्याचे काहीच धरत नाहीत. सरळ जा, सरळ या.

ईगल प्लेन्सचा पंप उत्तम चालू होता. मी टाकी भरली, आणि भरताना डब्यांकडे पाहिलं. पुढे गरज नव्हती, रिकामेच ठेवले. पुढे युकॉन संपून नॉर्थवेस्ट टेरिटरीज लागतात तिथे, ४६५ व्या किलोमीटरला, रस्त्याचे दगड पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात, आणि कागदावर अंतरं जोडणाऱ्या माणसाची क्षणभर भंबेरी उडते. परतताना ईगल प्लेन्सला डबे पुन्हा भरले. दक्षिणेकडे येताना तोच तुकडा, तेच ३६९.

ही सगळी आकडेमोड मी पुण्यातल्या मावसभावाला पाठवली होती. तो हिमालयन मोटरसायकलवरून मनाली-लेह करायच्या तयारीत आहे. त्याने उत्तरादाखल केलाँगजवळच्या टांडीच्या पंपावरच्या त्या प्रसिद्ध पाटीचा फोटो पाठवला: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. डेम्पस्टरपेक्षा फक्त चारने कमी! "दादा, मग मी पण दोन डबे लावू का? आधार कसा वेल्ड करतात?"

त्याची टाकी १५ लिटरची. खाली लिटरला तीस पडतात, वर बारालाचा, मग तंगलंगचा घाट, विरळ हवा, पाठीवर सामान. पंचवीस धर म्हटलं. ३७५ किलोमीटर. पाटीपेक्षा दहाने जास्त, म्हणजे काहीच नाही. पण तिथे डेम्पस्टर नाही. जिस्पा, सरचू, पांगला उन्हाळ्यात तंबू असतात, ढाब्यावर बाटलीतून चढ्या भावाने पेट्रोल मिळतं, लष्कराचे ताफे जात-येत असतात, आणि अडकलेल्या मोटरसायकलला न थांबता जाणारा ट्रकवाला त्या रस्त्यावर विरळाच. चाळीस लिटर टांगून मोटरसायकलचं मागचं चाक दाबून टाकायची गरज नाही.

"पाच लिटरचा एकच ने," मी लिहिलं. "पत्र्याचा. डाव्या बाजूला बांध, तुझा सायलेन्सर उजवीकडे आहे. मनालीत भरू नकोस, टांडीला भर, आणि गळ्यापर्यंत भरू नकोस. सरचूच्या आधी टाकीत ओतून टाक."

"आणि रिझर्व्हला काय ठेवू?"

त्याच्या गाडीला काटा आहे, हे त्याला आठवण करून द्यावं लागलं.